तिसरं खोकं : आत्याच्या कामाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम सुरू. आत्याचं पन्नास वर्षांचं काम उपसायचं, साफ करायचं, यादी करायची आणि एप्रिलमध्ये वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातल्या एका छोट्या हॉलमध्ये तीन दिवस मांडायचं. हॉलचा बयाणा भरलाय, त्यामुळे आता माघार नाही.

निमित्त पुराचं. गेल्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा समातल्या घरात तळमजल्यावर पाणी शिरलं. खालच्या फळीवरचं भिजलं, वरचं वाचलं. शेजारच्या पोरांनी ट्रंका जिन्यावर नेऊन ठेवल्या आणि दिवाळी झाली तरी त्या तिथेच. आत्याचं म्हणणं, "राहू दे गं. वडोदऱ्यात राहायचं आणि पाण्याला भ्यायचं?"

वरवर पाहता तीन गट पडतात. रेखाटनं. धाग्याची कामं. आणि नाडीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं, वर निळ्या खडूनं 'उघडू नये'. त्यात १९९६ पासून तिने आधी एका रुग्णालयात आणि मग वृद्धांच्या दिवसकेंद्रात जे कला-उपचाराचं, म्हणजे चित्र-विणकामातून लोकांना सावरायचं काम केलं, ते आहे. मांडणीचा विषय काढला तर म्हणाली, "ते माझं नाहीच. लोकांनी केलंय. माझं नाही ते तू कुठल्या तोंडानं मांडणार?"

यादीत तिसऱ्या गटापुढचा रकाना सध्या कोरा.

१० जानेवारी

रेखाटनांपासून सुरुवात. आत्याने १९७१ साली इथल्या सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला प्रवेश घेतला, पेंटिंगला. फॅकल्टी १९५० ची, म्हणजे तेव्हा तिला नावही मिळालेलं होतं आणि घरच्यांच्या पोटात गोळाही आणण्याइतकी ती नवी होती. आजोबांनी फॉर्मवर सही केली ती 'शाळेत ड्रॉइंग टीचर तरी होईल' या बोलीवर.

सगळ्यांत जास्त चित्रं स्टेशनवरची. इथले विद्यार्थी वह्या घेऊन स्टेशनवर जातात, तो रिवाज जुना. झोपलेला माणूस हलत नाही आणि पैसेही मागत नाही, हे त्याचं खरं कारण. एका वहीत पानांच्या मध्ये पुठ्ठ्याची प्लॅटफॉर्म तिकिटं अजून आहेत. ती काढली नाहीत, जागा लिहून तिथेच ठेवली.

एक कागद बराच वेळ हातात राहिला. कोळशानं काढलेला हमाल, डोक्याखाली गुंडाळलेलं फडकं, एक हात बाकाखाली लोंबतोय. त्या हाताची कड आत्याने पुसून पुसून पुन्हा काढलीय. कागदाला तिथे लव आलीय. चेहऱ्यावर जेमतेम चार रेघा. माणूस झोपलाय हे चेहऱ्यावरून कळतच नाही, त्या हाताच्या वजनावरून कळतं.

कामाची बाब: बहुतेक कागद न्यूजप्रिंट, पिवळे पडून कडा तुटताहेत. कोळशावर फिक्सेटिव्ह, म्हणजे तो पक्का धरणारा फवारा, मारलेलं नाही, त्यामुळे समोरच्या पानावर उलटी सावली उतरलीय. प्रत्येक पानामध्ये आम्लविरहित टिश्यू घालणं चालू. भिजलेल्या कागदांवर गाळ वाळून बसलाय, तो मऊ ब्रशनं कोरडाच झटकायचा. ओल्या कापडानं पुसायला धावणाऱ्या मावशीबाईंना दोन्ही हात आडवे करून थांबवलं.

१३ जानेवारी

उद्या उत्तरायण. गेंडीगेटकडून येताना तासभर अडकले. काम शून्य.

१६ जानेवारी

तिसऱ्या वर्षापासून रेखाटनांचं वळण बदलतं. माणसं जातात, रेघा उरतात. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ मध्ये इथे शिकवायला आल्या आणि १९९० मध्ये वारल्या तोपर्यंत इथेच शिकवत राहिल्या. शाई, पेन्सिल, इंजिनियरांची साधनं आणि कागदावर नुसत्या रेघा. अखेरच्या वर्षांत आजारानं हातावरचा ताबा सुटत चालला, तरी कागदावर त्याची खूण नाही. आत्या त्यांच्या वर्गातली.

आत्याच्या त्या काळच्या रेघा मला तितक्याशा भावत नाहीत, हे इथे लिहून ठेवते. नीट आहेत, पण उसन्या आहेत. तिला म्हटलं तर चिडली नाही. "म्हणून तर सोडल्या. मला रेघ बोटात धरायची होती. कागदावर ती धरता येत नाही." इथून ती दोरीकडे गेली, असा माझा अंदाज. तिच्या मते अंदाज वगैरे काही नाही, सुतळी स्वस्त होती.

२४ जानेवारी

दुसरा गट. ट्रंक उघडली आणि कसरीचा भुसा हातावर आला. लोकरीचं काम असलेली दोन पॅनेल्स चाळण झालीत. काथ्याला काही झालेलं नाही. सुतळीच्या एका कामावर पुरानंतरची बुरशी.

बुरशीचं काम वेगळं काढून गच्चीवर, सावलीत, वाऱ्याला. पूर्ण वाळल्यावर मास्क लावून ब्रश आणि व्हॅक्यूम. कसरीसाठी गोठवणं हा उपाय, औषध फवारायचं नाही. म्युझिऑलॉजीला, म्हणजे संग्रहालयशास्त्राला असताना हे धड्यात होतं, पण धड्यात डीप फ्रीझर कुठून आणायचा ते नव्हतं. शेवटी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा मिळाला. थंडीत त्याचा एक रिकामाच असतो. उणे १८ ते २० पर्यंत जातो. पॅनेल्स टिश्यूत गुंडाळून, पॉलिथिनमध्ये हवा काढून टेपनं बंद करून दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर गार धाग्यावर दव धरतं. पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची. आइस्क्रीमवाला म्हणाला, "बेन, आमां वेनिला मूकुं के नहीं?" म्हणजे यात व्हॅनिला ठेवू की नको. त्याला ताकीद दिलीय.

३ फेब्रुवारी

मांजरपाट आणला, वीस मीटर. गुंडाळायच्या आधी दोनदा धुऊन खळ काढावी लागते, नाहीतर खळीच्या वासानं झुरळं आणि चंदेरी किडे आपणच बोलावल्यासारखं होतं. आज दिवसभर दोरीवर मांजरपाटच मांजरपाट.

८ फेब्रुवारी

मोठं काम उलगडलं. १९८४ चं. काथ्या आणि अंबाडी, सहा फुटांच्या वर उंच, मधे पोकळ, कडेनं पाकळीसारखे ओठ. माग नाही, सांगाडा नाही, फक्त गाठी. उचलायला तिघं लागले.

वडोदऱ्यात दोरीच्या गाठींचं शिल्प म्हटलं की पहिलं नाव मृणालिनी मुखर्जींचं. जन्म १९४९, इथे आधी पेंटिंग, मग चित्रकार-शिक्षक के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे म्युरल, म्हणजे भित्तिचित्र, १९७२ पर्यंत. सुब्रमण्यन मधली दोन वर्षं, १९५९ ते ६१, मुंबईला हातमाग मंडळावर होते. परत आले ते कारागिरीकडे बघण्याची वेगळीच नजर घेऊन. १९६१ पासून फॅकल्टीचा जो मेळा भरू लागला त्यात शिक्षक आणि विद्यार्थी खेळणी, मातीच्या वस्तू, दोरकाम करून विकायचे. मृणालिनी मुखर्जी आधी कच्चं रेखाटन करत नसत, गाठ मारत मारत आकार वाढायचा. त्यांचं काम पुढे दिल्लीच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१५ साली आणि न्यूयॉर्कला २०१९ साली भरलं. २०१५ च्या फेब्रुवारीत, दिल्लीचं प्रदर्शन चालू असतानाच त्या गेल्या.

आत्याला या नावाचा धाक होता. सरळ म्हणाली: "मी गाठ मारली की लोक त्यांचं नाव घ्यायचे. म्हणून मी पीळ धरला." म्हणजे काय ते काम पाहिल्यावर कळलं. तिच्याकडे गाठ कमी आणि पिळलेली दोरी जास्त आहे. काथ्या उजवा पिळलेला, अंबाडी डावी. दोन्ही एकत्र बांधल्यावर एकमेकींना उलगडायला बघतात आणि त्या ओढाताणीनं पृष्ठभाग आपोआप वाकतो. पाकळीचे ओठ तिने वाकवलेलेच नाहीत, ते वळलेत. हे मी आजवर अनेकदा पाहिलेलं काम, पण हात लावून आज पहिल्यांदा पाहिलं.

एकाच खिळ्याला टांगून ठेवल्यामुळे मान ताणली गेलीय. नवीन टांगणी: मागे मांजरपाटाची बाही शिवायची, त्यात लोखंडी जीआय पाइप, म्हणजे वजन सगळीकडे वाटलं जाईल.

११ फेब्रुवारी

बँका, हॉटेलं आणि एका आर्किटेक्टसाठी केलेली वॉल हँगिंग्ज. घर यांवर चाललं. फोटो आहेत, कामं नाहीत. बहुतेक नूतनीकरणात गेली असणार. फोटोंचा एक तक्ता पुरे.

एका स्पर्धेचा फॉर्मही सापडला. तिने 'शिल्प' लिहिलंय, कुणीतरी लाल पेननं काट मारून 'हस्तकला' केलंय. बक्षीस मिळालं होतं, हस्तकलेत. तिने ते घेतलंही. "पाचशे रुपये होते. लाल पेनवर रुसून कोण सोडेल?"

१ मार्च

आत्याने तिसरं खोकं उघडू दिलं, ते पण स्वतः समोर बसून, नाडी स्वतः सोडून. काय बघायचं आणि काय नाही ते ती ठरवणार.

आत तीन प्रकार. लोकांची चित्रं आणि विणकामाचे तुकडे, वेगवेगळ्या पाकिटांत. साधनं. आणि वह्या.

साधनांनी मला गुंतवलं. लाकडी पाट, त्याला एका बाजूला खाटेच्या पायाला लावायची पकड, वरच्या कडेला खिळ्यांची रांग. पक्षाघातानं एक हात गेलेल्यांसाठी. दोरीचं एक टोक खिळ्याला, दुसरं चालत्या हातात. पाट हलत नाही त्यामुळे तो दुसऱ्या हाताचं काम करतो. आत्याने करून दाखवलं. डावा हात मांडीवर ठेवला, उजव्यानं दोरीचा वेढा घेतला, अंगठ्यानं दाबला, मधल्या बोटानं टोक आतून ओढलं. सुरगाठ. मग निरगाठ. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजलेला आहे तिचा, तरी माझ्या आधी झाली. माझी एका हाताची निरगाठ आज बसली नाही.

दोरीच्या जाडीचाही क्रम आहे. पहिल्यांदा करंगळीएवढी जाड, मऊ, सुती. मुठीत मावते, सुटली तरी दिसते. मग सुतळी. बारीक धागा महिन्यांनंतर, आणि काहींना कधीच नाही. काथ्या नाहीच, हात सोलतो. वीस वर्षं काथ्या पिळून तिला जे कळलं होतं ते इथे उपयोगाला आलं. तिला रुग्णालयानं घेतलं होतं ते शिवण-विणकाम शिक्षिका म्हणून, पगारही तोच.

२ मार्च

वह्या. नावं नाहीत, अद्याक्षरं. रकाने असे: साहित्य, किती वेळ बसले, किती वेळा उसवलं, उठताना काय म्हणाले. काय बनवलं याला रकानाच नाही. चित्राचा अर्थही कुठे लिहिलेला नाही. मला वाटलं होतं की 'काळा रंग, उदास' असलं काहीतरी सापडेल. आत्या म्हणाली, "त्या दिवशी खोक्यात काळाच खडू धड होता. बाकीचे तुटलेले. त्यावरून मी माणसाचं दुःख मोजू?"

'उसवलं' हा रकाना मात्र ती फार जपून भरायची. सुरुवातीला लोक एक गाठ पुन्हा पुन्हा सोडतात. नंतर सोडणं कमी होतं. आणि काही जण मुद्दाम सगळं उसवून दोरी परत देतात, तेही तिने तितक्याच नीट लिहिलंय. 'पूर्ण उसवलं. दोरी गुंडाळून दिली. म्हणाले, उद्याला.'

ही वही म्हणजे आत्याचं काम आहे, असं मी म्हटलं. तिला पटलं नाही. अर्धवट पटलं असावं, कारण चहा केला.

७ मार्च

भिंतीवरच्या फोटोचा उलगडा. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एका परदेशी बाईचा मासिकातून कापलेला फोटो आहे, मी लहानपणी तिला आत्याची मैत्रीण समजायचे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. जन्म व्हिएन्ना, १८९८. शिक्षक योहानेस इटेन यांच्या मागे १९१९ मध्ये बाउहाउसला, जर्मनीतल्या कलाशाळेत गेली, तिथे रेखाटन, विणकाम, छपाई सगळं केलं. नाझींनी १९४२ च्या डिसेंबरात तिला तेरेझीनच्या, ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत पाठवलं. तिथे ती मुलांना चित्रं काढायला बसवायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन तिला मारलं. त्याआधी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं तिने दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. मुलांपैकी बहुतेक मारली गेली. तिच्याकडे शिकलेली आणि प्रागमध्ये निर्वासित मुलांबरोबर तिच्या हाताखाली काम केलेली एडिथ क्रॅमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पोचली आणि पुढे तिथे कला-उपचार उभा करणाऱ्यांत तिचं नाव आलं. इंग्लंडमध्ये साधारण त्याच सुमारास क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये पडून असलेला चित्रकार एड्रियन हिल स्वतःसाठी चित्रं काढता काढता इतर रुग्णांना शिकवू लागला होता.

आत्याला हिल आवडतो, "पडून काय करणार, म्हणून काढलं, एवढं सोपं" म्हणून. पण फोटो फ्रीडलचा. रेघ, धागा आणि माणसं, तिन्ही एका बाईनं केलं होतं हे तिला वाचनालयात कळलं तेव्हा ती पंचेचाळिशीला आलेली होती आणि आपण तीनदा धंदा बदलला असं घरात सगळे म्हणत होते.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. फ्रीडल प्रत्येक मुलाला चित्रावर नाव घालायला लावायची. तिथे माणसांचे आकडे केले होते, म्हणून नाव. आत्याच्या खोक्यात नेमकं उलटं: नाव नाहीच. इथे नाव उघडं पडलं तर माणसाचं लग्न मोडतं, नोकरी जाते, भाड्याचं घर जातं. दोन्ही बरोबर. मग मांडायचं काय?

१२ मार्च

कायद्याची बाजू पाहिली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, कलम २३ गोपनीयतेचं. कलम २४ म्हणतं, उपचार घेणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायची नाही. चित्राचा स्वामित्वहक्क तर चित्र काढणाऱ्याचाच. खोकं पुरात आपल्या जिन्यावर आलं म्हणून ते आपलं होत नाही.

ठरलं ते असं. रुग्णालयातली पाकिटं बंदच राहणार, मीही उघडणार नाही. दिवसकेंद्रातल्या ज्यांचा किंवा ज्यांच्या घरच्यांचा पत्ता आत्याला ठाऊक आहे त्यांना ती स्वतः विचारणार, मी नाही. 'हो' म्हणाले तरी नावाशिवाय. बाकी फक्त पाट, पकड, दोऱ्यांचा क्रम आणि वहीतली एखाद-दोन कोरी पानं, रकान्यांची शीर्षकं दिसतील एवढीच.

२१ मार्च

आत्याचे फोन चालू. दोन ठिकाणी नकार, एक सुनेचा आणि एक केंद्रातल्या एका आजोबांचा स्वतःचा: "बहेन, ए तो नकामुं हतुं." म्हणजे, ते तर टाकाऊ होतं. एक जण वारलेत, मुलीनं हो म्हटलं. आणि एका आजींनी, आता ऐंशीच्या पुढे, आत्याला फोनवरच झापलं. दाखवायचं असेल तर माझ्या नावानिशी दाखवा, मी काय चोरी केलीय? पक्षाघातानंतर पाटावर केलेला सुतळीचा पट्टा आहे त्यांचा, हातभर लांब. सुरुवातीच्या गाठी ढिल्या, मधे इतक्या घट्ट की सुई शिरत नाही, शेवटाकडे एकसारख्या.

माझा नियम मोडला. मोडू दिला. त्यांनी कागदावर सही करून पाठवली, उजव्या हातानं.

२ एप्रिल

पाडवा झाला, आता घाई. प्रकाशाचं काम: हॉलमध्ये हॅलोजन होते, ते काढून एलईडी, मंद. कागद आणि धागा दोघांनाही ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर नको. तागाला उजेडानं पिवळेपणा येतो आणि तो ठिसूळ होतो. हॉलवाल्यांना अंधार वाटतोय. सवय होईल.

प्रदर्शनाच्या नावावरून वाद. मला 'तीन पर्व' वगैरे नको होतं, हॉलच्या पत्रिकेत नेमकं तेच छापून आलं. आत्याने पेन घेऊन सगळ्या पत्रिकांवर ते खोडलं आणि काहीच लिहिलं नाही. लाल पेन होतं.

११ एप्रिल

मांडलं. शिरताना हमाल, मधे मोठं काम पाइपवर, मागच्या खोलीत पाट. क्रमवार लावलंच नाही. पाटाशेजारी दोऱ्यांची टोपली आणि एक रिकामी खुर्ची ठेवलीय, कुणालाही बसता येईल. फाइन आर्ट्सची पोरं सगळ्यांत जास्त वेळ तिथेच. एका हातानं निरगाठ मारायची पैज लागली. मोठ्या शिल्पाकडे त्यांनी फोटोपुरतं पाहिलं, याचा मला राग आला आणि आत्याला मजा.

१३ एप्रिल

शेवटचा दिवस. त्या आजी आल्या, नातवाबरोबर, रावपुऱ्याहून रिक्षानं. कार्डावरचं आपलं नाव वाचलं, आडनावात एक मात्रा चुकलीय म्हणाल्या. तिथेच दुरुस्त केली. मग सरळ आत्याला विचारलं, "हे आता घरी नेऊ ना?" आत्या म्हणाली, "तुमचंच आहे." मी म्हटलं, उतरवायला संध्याकाळ होईल, यादीत नोंद आहे, फोटो व्हायचाय. आजी बसल्या. नातवाला वडापाव आणायला पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत बसल्या.

१५ एप्रिल

उतरवणं पूर्ण. मोठं काम गुंडाळून, धुतलेल्या मांजरपाटात, वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर आता काहीही ठेवायचं नाही. कोळशाची रेखाटनं सपाट पेटीत. वह्या आणि बंद पाकिटं आत्याच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. तिच्यानंतर त्यांचं काय करायचं ते ती स्वतः लिहून देणार आहे, अजून दिलेलं नाही. यादीत तिसऱ्या गटापुढे 'साधनं व नोंदवह्या' लिहिलं. सुतळीच्या पट्ट्यापुढे 'मालकाकडे परत'. टेंपोवाल्याचे आठशे आणि आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर पुसून देणं बाकी.